१९९० : खिडकीतला दिवा आणि स्वयंपाकघरातला नाच

आयर्लंडमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या कोणाही माणसापुढे १९९० हे साल नुसते उच्चारून पाहावे. १९८३ म्हटल्यावर आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते, तसेच हसू त्याच्या चेहऱ्यावर उमटते. त्या वर्षीच्या जूनमध्ये इटलीत विश्वचषकाचे सामने झाले, आणि जॅक चार्लटन या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली आयर्लंडचा फुटबॉल संघ पहिल्यांदाच त्या स्पर्धेत उतरून थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. गंमत म्हणजे नेहमीच्या वेळेत त्यांनी एकही सामना जिंकला नाही. इंग्लंड, इजिप्त, नेदरलँड्स या तिघांशी बरोबरी झाली. २५ जूनला जेनोआत रुमानियाशीही बरोबरीच झाली आणि पेनल्टीवर निकाल लागला. डोनेगलच्या पॅकी बॉनरने शेवटचा फटका अडवला आणि डेव्हिड ओलिअरीने गोल केला. ३० जूनला रोममध्ये इटलीने १-० असे हरवले, तरी संघ परतला तेव्हा स्वागताला डब्लिनचे रस्ते माणसांनी फुलून गेले होते. पुढे नोव्हेंबरमध्ये मेरी रॉबिन्सन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. या पदावर आलेली ही पहिलीच स्त्री.

आम्ही मलिंगारला राहायला आलो ते २००४ साली. म्हणजे ते वर्ष आम्ही पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. शेजाऱ्यांकडून, इस्पितळातल्या सहकाऱ्यांकडून, दुकानात रांगेत उभे असताना. ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली, की ते वर्ष लग्नाच्या अल्बमसारखे सांगितले जाते. सगळे फोटो हसरे. मांडवामागे कोण रडत होते, कोणाला बोलावलेच नव्हते, हे अल्बममध्ये नसते. आपणही आपली साले अशीच सांगतो. २०१७ साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावाचे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने निदान दहा आयरिश माणसांना सांगितले असेल. मीही सांगितले.

परंतु १९९० या सालाने आयर्लंडला आणखी दोन गोष्टी दिल्या, आणि त्या अल्बममध्ये बसत नाहीत. एक म्हणजे ब्रायन फ्रील यांचे 'डान्सिंग अ‍ॅट लूनसा' हे नाटक. २४ एप्रिलला डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. दुसरी म्हणजे जॉन मॅकगॅहर्न यांची 'अमंग्स्ट विमेन' ही कादंबरी. त्या वर्षीच्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत ती होती. सगळा देश पुढे पाहत असताना हे दोघेही मागे वळले, आणि दोघेही एकाच ठिकाणी जाऊन थांबले: खेड्यातल्या घराच्या स्वयंपाकघरात. माझे म्हणणे असे, की १९९० खरोखर काय होते हे या दोन कृतींवरून जेवढे कळते, तेवढे निवडणुकीच्या निकालावरून किंवा फुटबॉलच्या फितीवरून कळत नाही. आणि घर सोडून आलेल्या आपल्यासारख्यांनी तर त्या वाचाव्यातच. त्या वाचून आपले सुख वाढणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

प्रथम अल्बममधल्या फोटोंची थोडी छाननी करू.

रॉबिन्सनबाईंच्या विजयाची गोष्ट आता अशी सांगतात, की जणू देशाने एका सकाळी उठून कूस बदलली. आकडे वेगळे बोलतात. ७ नोव्हेंबरला मतदान झाले तेव्हा पहिल्या पसंतीच्या मतांत पुढे होते फियाना फॉलचे ब्रायन लेनिहन, सुमारे ४४ टक्के. बाई ३९ टक्क्यांच्या आसपास होत्या. इथल्या पद्धतीप्रमाणे तिसऱ्या उमेदवाराची, ऑस्टिन करी यांची, मते पुढच्या पसंतीनुसार वाटली गेली तेव्हा बाई ५२ टक्क्यांच्या जवळ पोहोचल्या. त्यात मतदानाला आठवडा उरला असताना लेनिहन यांना एका जुन्या प्रकरणावरून मंत्रिमंडळातून काढले गेले होते, आणि त्यांच्याच पक्षाच्या एका मंत्र्याने रेडिओवर बाईंच्या संसारप्रेमावर शेरेबाजी करून पुष्कळ बायकांची मते त्यांच्याकडे वळवली होती. म्हणजे विजय झाला तो काठावरचा, थोडा कर्तृत्वाचा आणि थोडा योगायोगाचा.

शिवाय त्या वर्षाने कायदा फारसा बदलला नाही. गर्भपातबंदी १९८३ सालीच घटनेत घातली गेली होती. ती निघायला २०१८ उजाडले. घटस्फोटाला १९८६ च्या सार्वमतात लोकांनी नकार दिला होता. १९९५ साली तो मंजूर झाला तो अवघ्या नऊ हजारांच्या मताधिक्याने. 'वाट चुकलेल्या' मुलींना डांबून ज्या धोबीखान्यांत राबवत, त्यांतला शेवटचा १९९६ साली बंद झाला. मग १९९० मध्ये घडले तरी काय?

मला वाटते, लोक बोलू लागले. आणि तेही त्याच वर्षी सुरू झाले नव्हते. मलिंगारहून उत्तरेला, मोटारीने तासाभराच्या आत ग्रॅनर्ड नावाचे गाव आहे. १९८४ च्या जानेवारीअखेरीस तिथे पंधरा वर्षांची एक शाळकरी मुलगी मेरीमातेच्या मूर्तीपाशी उघड्यावर एकटीच बाळंत झाली. बाळ गेले, तीही गेली. गावाने तोंड मिटले. पण एका रेडिओ कार्यक्रमाकडे देशभरातून बायकांची पत्रे येऊ लागली: माझेही असे झाले होते, माझ्या बहिणीचे झाले होते, चाळीस वर्षे कोणाला सांगितले नाही. ती पत्रे हवेवर वाचून दाखवली गेली. १९९० चे मतदान त्या पत्रांचे पुढचे पान होते, असे मी समजते. एखादे वर्ष मोठे ठरते ते बहुधा असेच; आधी बरीच वर्षे जे तळाशी साचत आले, ते त्या वर्षी वर येते. त्याच साली आपल्याकडे बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले आणि ऑगस्टमध्ये मंडल आयोगाची घोषणा झाली. तिथेही प्रश्न तोच होता. घर कोणाचे, आणि घरात आवाज कोणाचा?

दुसरा धागा देश सोडून जाणाऱ्यांचा. १९८९ च्या एप्रिलपर्यंतच्या एका वर्षात आयर्लंडमधून सुमारे सत्तर हजार माणसे परदेशी गेली. देशाची लोकसंख्या होती पस्तीस लाख. मलिंगारच्या स्टेशनावरून स्लायगो-डब्लिन गाडी आजही जाते. त्या वर्षांत तिने किती तरुण पोरांना डब्लिनच्या बंदरापर्यंत पोहोचवले असेल, याचा विचार फलाटावर उभे असताना मनात आल्याशिवाय राहत नाही. इटलीत जो संघ खेळला त्यातले कितीतरी खेळाडू पूर्वी गेलेल्या अशाच माणसांची इंग्लंड-स्कॉटलंडात जन्मलेली मुले होती. तो शेवटचा गोल करणारा ओलिअरीसुद्धा जन्माने लंडनचा. संघातला सर्वांत लाडका खेळाडू पॉल मॅकग्रा लंडनला जन्मला, वडील नायजेरियन, आणि लहानपण गेले डब्लिनच्या अनाथाश्रमांत. ज्यांना घराने दाराबाहेर ठेवले होते, त्यांच्याच जिवावर घराने तो उन्हाळा साजरा केला. हे मेरी रॉबिन्सन यांनी ओळखले. ३ डिसेंबरला शपथ घेताना जगभर पसरलेल्या आयरिश वंशाच्या सात कोटी लोकांचा त्यांनी उल्लेख केला, आणि राष्ट्राध्यक्षनिवासाच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत गेलेल्यांसाठी एक दिवा कायम तेवत ठेवला. दिवाणखान्याची खिडकी त्यांनी निवडली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता त्या वर्षीच्या दुसऱ्या स्वयंपाकघरात जाऊ.

'डान्सिंग अ‍ॅट लूनसा' घडते १९३६ च्या ऑगस्टमध्ये, डोनेगलमधल्या बॅलीबेग या काल्पनिक गावाजवळ. लूनसा हा लू या जुन्या देवाचा सुगीचा सण. घरात पाच अविवाहित बहिणी: शाळामास्तरीण केट, घर सांभाळणारी मॅगी, हातमोजे विणून चार पैसे मिळवणाऱ्या अ‍ॅग्नेस आणि भोळसर रोझ, आणि धाकटी क्रिस. क्रिसला लग्नाविना झालेला मायकेल सात वर्षांचा आहे. तोच पुढे मोठा होऊन हे सारे आपल्याला सांगतो. थोरला भाऊ जॅक पंचवीस वर्षे युगांडात धर्मोपदेशक होता. तो नुकताच परतला आहे, आणि तिथल्या लोकांना आपला धर्म शिकवता शिकवता त्यांचाच होऊन आला आहे. घरात नवा रेडिओ आहे. तो लहर लागली तर वाजतो, नाहीतर मुका.

बहिणींना सुगीच्या नाचाला जायचे आहे. अ‍ॅग्नेस साठवलेले पैसे द्यायला तयार आहे. केट क्षणभर विरघळते आणि मग एकदम घट्ट होते. या वयाच्या बायकांनी नाचायचे? लोक काय म्हणतील? ही भीती समजावून घ्यायला आपल्याला शब्दकोश लागत नाही. मग थोड्या वेळाने रेडिओ आपसूक वाजू लागतो. मॅगीचे हात पिठात आहेत; ती ते पीठ तोंडाला फासते, एक आरोळी ठोकते आणि नाचू लागते. एकेक करून बाकीच्या तिला मिळतात. शेवटी केटही नाचते, पण एकटी, अंगणात, ओठ मिटून. या नाचात आनंद आहेच, पण त्याहून राग जास्त आहे. फ्रील यांनी रंगसूचनेत त्याचे वर्णन मुद्दाम बेढब, ताल सोडलेले असे केले आहे. रेडिओ मध्येच बंद पडतो, आणि पाचही जणी एकमेकींकडे न पाहता कामाला लागतात.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका हौशी मंडळींनी जवळच्या गावातल्या हॉलमध्ये हे नाटक केले. नाच संपला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही. मध्यंतरात चहा घेताना सहज म्हणाल्या, "आमच्या घरीही दोघी होत्या." पुढे काही बोलल्या नाहीत. मीही विचारले नाही.

१९३६ हे साल मलिंगारकरांना आणखी एका कारणाने माहीत असते. गावावर उभे असलेले ते दोन उंच मनोऱ्यांचे कॅथीड्रल त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये उघडले. म्हणजे नाटकातल्या त्या सुगीनंतर महिन्याभराने इथे हजारो माणसे गुडघे टेकून बसली असतील. पुढच्याच वर्षी नवी घटना आली, आणि स्त्रीचे घरातले जीवन हाच राष्ट्राचा आधार असल्याचे तिच्या एकेचाळिसाव्या कलमात लिहिले गेले. ते कलम बदलायचा प्रस्ताव ८ मार्च २०२४ ला सार्वमताला आला तेव्हा जवळजवळ चौऱ्याहत्तर टक्के मतदारांनी तो फेटाळला. कारणे नाना सांगितली गेली. नवी शब्दरचना पोकळ आहे, काळजी घेणाऱ्यांना तिने काहीच मिळत नाही, असेही पुष्कळांचे मत होते. ते काहीही असो, नाटकातल्या पाच बहिणींच्या डोक्यावर जे छप्पर येऊ घातले होते, ते कागदोपत्री अजून उभे आहे. मलिंगारच्या पश्चिमेला उश्नाखची टेकडी आहे. जुन्या आयर्लंडचा मध्य तो, आणि तिथे बेल्टेनच्या सणाला शेकोट्या पेटत. कॅथीड्रल आणि टेकडी, दोन्ही एका गावापासून जवळ. फ्रील यांची पाच माणसे या दोहोंच्या मधोमध राहतात.

नाटकाची प्रशंसा खूप झाली. लंडनला गेले, न्यूयॉर्कला गेले, १९९२ साली टोनी पारितोषिक मिळाले, पुढे मेरिल स्ट्रीपला घेऊन चित्रपटही झाला. परंतु या कीर्तीत एक घोटाळा आहे, असे मला वाटते. हे नाटक 'जुन्या दिवसांची गोड आठवण' म्हणून पाहिले जाऊ लागले. अ‍ॅबीच्या मूळ प्रयोगाची छायाचित्रे पाहिली, तर जो व्हॅनेक यांनी मागे उभा केलेला पिकल्या शेताचा सोनेरी उतार दिसतो. फार सुंदर आहे तो. त्या सोन्यात मायकेलचे एक निवेदन बुडून जाते. दुसऱ्या अंकात, गोष्ट अजून चालू असताना, तो सरळ सांगून टाकतो, की विणकामाचा कारखाना निघाला, हातमोज्यांचे काम गेले, केटची नोकरीही गेली, आणि एका सकाळी अ‍ॅग्नेस रोझला घेऊन घरातून निघून गेली. पंचवीस वर्षांनी लंडनमध्ये त्याने त्यांचा शोध लावला. अ‍ॅग्नेस मेली होती, रोझ निराधारांच्या आश्रमात मरणपंथाला लागली होती. तिने भाच्याला ओळखलेही नाही.

फ्रील यांनी हे नाटक ग्लेन्टीज गावच्या आपल्या मावश्यांच्या स्मृतीला वाहिले आहे. लंडनमध्ये थेम्सकाठी रस्त्यावर झोपलेली माणसे पाहून त्यांनी आपल्या दोन मावश्यांची हकीगत मित्र थॉमस किलरॉय यांना सांगितली, आणि किलरॉय म्हणाले, यावर नाटक लिही. म्हणजे नाटक जन्मले ते लंडनच्या फुटपाथवर. सोनेरी शेत नंतर आले. माझी तक्रार आहे ती अशी: फ्रील यांनी हे भयंकर सत्य भाच्याच्या तोंडी घातले, आणि त्यानंतर पुन्हा अंगणात उन्हात सगळ्यांना बसवून नाटक मंदपणे झुलत संपवले. प्रेक्षकाला विसरायची सोय करून दिली. अ‍ॅग्नेसला स्वतः का निघून जावे लागले, त्या रात्री तिच्या मनात काय होते, हे तिच्या तोंडून एका वाक्यानेही येत नाही. समर्थनात असे म्हणता येईल, की हाच तर मुद्दा आहे. मागे राहिलेल्यांना तेवढेच माहीत असते, आणि आठवण स्वभावतःच सोनेरी असते. मान्य. पण मग ते सोने खोटे आहे, हे शेवटी कोणी तरी खरवडून दाखवायला हवे होते. दिग्दर्शक समंजस असेल तर दाखवतो; नसेल तर आपण डोळे पुसत, समाधानाने घरी येतो.

मॅकगॅहर्न ही सोय देत नाहीत. मलिंगारहून तीच स्लायगोची गाडी पुढे लाँगफर्ड, ड्रोमड, कॅरिक असे करीत जाते, तो त्यांचा मुलूख. १९६५ साली त्यांच्या 'द डार्क' या कादंबरीवर बंदी आली, शाळेतली नोकरी गेली. काही वर्षे परदेशी काढून ते पुन्हा लायट्रिममध्ये छोट्या शेतावर राहायला आले आणि २००६ साली वारले. 'अमंग्स्ट विमेन' हे नाव रोजच्या प्रार्थनेतून घेतलेले आहे. स्वातंत्र्ययुद्धात लढलेला मोरान, त्याची दुसरी बायको रोझ, तीन मुली, दोन मुलगे. रोज संध्याकाळी सगळ्यांनी गुडघे टेकून जपमाळ म्हणायची. आपल्याकडे दिवेलागणीला रामरक्षा म्हणायला बसवत, तशीच. फरक एवढाच, की इथे बापाचा राग केव्हा पेटेल याचा अंदाज घेत मुले 'मेरीमाते' म्हणतात. पुढे मोरान थकतो तेव्हा आपल्याच मुलींना भिऊ लागतो. कादंबरी तिथूनच सुरू होते.

या कादंबरीत मोठे असे काही घडत नाही. गवत कापायचे, वाळवायचे, गंजी रचायची. मुली शनिवार-रविवारी डब्लिनहून येतात, मोठी लंडनहून येते. ज्या बापाने छळले त्याच्याच घरी त्या धावत येतात, आणि इथेच आपण आपल्या पूर्ण उंचीचे होतो असे त्यांना वाटते. मॅकगॅहर्न यावर टीकाही करीत नाहीत आणि त्याला गोडही करीत नाहीत. एक प्रसंग आपल्यातल्या डॉक्टर मंडळींनी जरूर वाचावा. शीला हुशार आहे, तिला शिष्यवृत्ती मिळते, तिला वैद्यकीला जायचे आहे. बाप ओरडत नाही. 'नाही' असेही म्हणत नाही. स्वातंत्र्य मिळवले आम्ही आणि देश गेला डॉक्टरांच्या आणि पाद्र्यांच्या हातात, ही त्याची जुनी अढी. तो फक्त गप्प राहतो, पैशाचा विषय निघतो, सगळ्या मुलांना सारखेच वागवायला हवे असे म्हणतो, आणि दोन दिवसांत शीला स्वतःच सरकारी कारकुनी पत्करते. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली, असे ती कधीच सिद्ध करू शकणार नाही. घरातली सत्ता कशी चालते, याचे इतके नेमके चित्रण मी फार थोड्या ठिकाणी वाचले आहे.

थोरला ल्यूक लंडनला गेला तो गेलाच. बहिणीच्या लग्नापुरता एकदा येतो. तो बापाला शिव्या देत नाही, क्षमाही करीत नाही. बहिणींना तो कठोर वाटतो, वाचकालाही वाटतो. पण कादंबरी त्याला दोषी ठरवत नाही. आणि शेवट पाहा. मोरानला पुरून मुली परततात, तेव्हा लेखक सुचवतो की बाप आता त्या प्रत्येकीत उतरला आहे. राज्य बदलले, पण खुर्ची तीच. स्त्री राष्ट्राध्यक्ष निवडली गेली त्याच वर्षी हे लिहून छापलेले आहे, म्हणून मी मॅकगॅहर्न यांना फ्रील यांच्याहून एक पायरी वर ठेवते.

ही दोन्ही वाचताना मराठी वाचकाला 'वाडा चिरेबंदी' आठवल्याशिवाय राहणार नाही. महेश एलकुंचवार यांचे हे नाटक १९८५ साली विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणले. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात वडील गेले आहेत, मुंबईचा सुधीर बायकोला घेऊन आला आहे, आणि दिवसपाण्याच्या खर्चावरून घराची एकेक भेग उघडी पडते. त्यातली प्रभा ही शीलाची सख्खी बहीण शोभावी. शिकायची जबर इच्छा होती, घराने शिकू दिले नाही. चंदू न बोलता राबतो. अ‍ॅग्नेसच्या जातीचा. पण एलकुंचवारांनी जे केले ते फ्रीलनी टाळले आणि मॅकगॅहर्ननी बाजूला ठेवले: निघून गेलेल्या माणसालाच त्यांनी मंचाच्या मधोमध बसवले. सुधीरला वाडा हवाही आहे आणि त्याचा भार नकोही आहे. त्याच्या कळवळ्यात हिशेब आहे आणि हिशेबात कळवळा आहे. मायकेल आठवतो, ल्यूक नाकारतो, सुधीर मात्र अडकतो. आपण परदेशस्थ मंडळी स्वतःला मायकेल समजतो, रागाच्या भरात कधी ल्यूक. पण बहुतेक जण असतो सुधीर.

आता थोडे स्वतःविषयी, कारण दुसऱ्यांच्या घराची झडती घेऊन स्वतःचे दार लावून बसणे बरे नाही.

माझ्या माहेरी एक आत्या होती. आम्ही तिला ताईआत्या म्हणत असू. लग्न झाले नव्हते. का, ते आम्हा मुलांना कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडे जमलो की पहाटेपासून ती चुलीपाशी. तिच्या हातच्या सांज्याच्या पोळ्यांविषयी मी याच मंडळाच्या अंकात कधी काळी लेख लिहिला आहे, आणि 'बालपण डोळ्यांपुढे उभे राहिले' अशी पत्रे मला आली होती. नाटक पाहून आल्यावर त्या रात्री मी तो लेख काढून वाचला. पोळ्या आहेत, तुपाचा वास आहे, पावसाची पहिली सर आहे. आत्या कुठेच नाही. तिचे हात तेवढे आहेत.

मी पुण्याला चुलतबहिणीला फोन केला आणि विचारले, की ताईआत्याला काय करायचे होते गं? ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "तुला माहीत नाही? मिरजेला नर्सिंगला जागा मिळाली होती तिला. आजोबा म्हणाले, आपल्या घरातल्या मुली असली कामे करत नाहीत." एवढेच. आजोबा ओरडले नव्हते म्हणे. मोरानही ओरडला नव्हता.

गेली वीस वर्षे आमचा संसार एका इस्पितळाच्या पगारावर चालला आहे. केरळच्या, फिलिपाइन्सच्या, इथल्या आसपासच्या गावांतल्या परिचारिका आमच्या घरी जेवायला येतात. मी त्यांना सांज्याच्या पोळ्या करून वाढते आणि "माझ्या आत्याच्या हातच्या" असे सांगते. त्या सांगण्याचा अर्थ मला आत्ता आत्ता कळू लागला आहे.

मेरी रॉबिन्सन यांच्या दिव्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. गेलेल्यांची आठवण ठेवणारे घर चांगलेच. पण तो दिवा आतून बाहेर पाहणारा आहे. गेलेल्या माणसांनो, तुम्ही आमचेच आहात, असे तो सांगतो. त्या खिडकीच्या आत, ओट्यापाशी, दिव्याखालच्या अंधारात कोण उभे होते, हे सांगायला फ्रील आणि मॅकगॅहर्न लागले. आपल्या बाबतीत तर उलटीच गत. आपणच गेलेले, आणि आपणच मागच्या घरासाठी इथे दिवे लावत बसलेले: दिवाळी अंक, गणपती, आठवणींचे लेख. मागे राहिलेल्यांनी आपल्याला आठवावे ही अपेक्षा आपण मनोमन करतो. आपण त्यांना नीट आठवतो का?

आज आयर्लंडमध्ये राहणाऱ्या दर पाच माणसांतला एक परदेशात जन्मलेला आहे. ज्या स्टेशनावरून मलिंगारची मुले जात, तिथेच आता आपली मुले उतरतात. उद्या त्यांतले कोणी आपल्या घरांवर नाटक लिहील. त्यात सोनेरी शेत असावे, मला काही हरकत नाही. पण त्यांना लिहायला खरी माहिती हवी, आणि ती देणारी माणसे आपल्याकडे झपाट्याने कमी होत आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुढच्या अंकासाठी आठवणी लिहाल तेव्हा पदार्थाची कृती खुशाल द्या, पण तो करणाऱ्या बाईला काय व्हायचे होते, हे आधी घरी फोन करून विचारा. ताईआत्या १९९० साली वारली. डिसेंबरात. मी तेव्हा परीक्षेत होते, गेले नाही.